पांढरीची माती आणि वर्गातली कविता

'प्राचीन संस्कृती' हा विषय देऊन विद्यार्थ्यांकडून कविता लिहून घ्यावयाची आणि ती त्यांच्याचकडून रंगमंचावर म्हणवून घ्यावयाची, हा उपक्रम वरवर पाहता निरुपद्रवी दिसतो. इतिहासाचा तास रुक्ष असतो, कवितेचा तास बहुधा अर्थ सांगण्यातच संपतो. तेव्हा दोहोंचा संयोग घडवून आणला तर दोन्ही विषयांचे काही भले होईल, अशी शिक्षकाची भाबडी परंतु आदरणीय अपेक्षा त्यामागे असते. या उपक्रमातून निर्माण होणाऱ्या कवितेकडे समीक्षेने मात्र सहसा लक्ष दिलेले नाही. ती विद्यार्थ्यांची कविता, म्हणजे कच्ची कविता, म्हणून तिला उदारपणे क्षमा करावयाची आणि पुढे जावयाचे, हा शिरस्ता पडून गेला आहे. वस्तुतः कच्च्या कवितेत काव्यसंकेत जितके उघडे पडतात तितके ते पक्व कवितेत पडत नाहीत. मुरलेला कवी संकेत लपवितो. विद्यार्थी तो जसाच्या तसा समोर ठेवतो. एखादा समाज आपल्या भूतकाळाविषयी कोणत्या शब्दांत विचार करतो हे पाहावयाचे असेल तर महाविद्यालयीन वार्षिकांकांइतके प्रामाणिक साधन दुसरे नाही.

अशा कवितेचे दोन ठरावीक साचे आढळतात. पहिला गौरवाचा. 'हे' या संबोधनाने आरंभ, मग 'वैभव', 'सुवर्णयुग', 'तेजोमय', 'अमर' या शब्दांची आरास, आणि शेवटी वर्तमानकाळाला उद्देशून एक ललकारी. दुसरा विलापाचा. तेथे 'अवशेष' असतात, ते 'मूक साक्षीदार' असतात आणि काळाचा 'निष्ठुर पंजा' त्यांच्यावर पडलेला असतो. हे दोन साचे परस्परविरोधी भासतात, पण त्यांचे गृहीतकृत्य एकच आहे: जे प्राचीन ते भव्य. भव्य नसलेले प्राचीन या कवितेच्या दृष्टिक्षेपात येतच नाही. त्यामुळे विषय मोहेंजोदडो असो, इजिप्त असो वा रोम, कविता तीच राहते. विशेषनाम तेवढे बदलावे लागते.

या दोषाचे खापर 'विषय देऊन लिहिणे' या पद्धतीवर फोडण्याची प्रवृत्ती आहे. कविता स्फुरावी लागते, ती नेमून देता येत नाही, असा रोमँटिक काव्यविचाराचा उरलासुरला आग्रह त्यामागे असतो. येथे साहित्येतिहासातील दोन-तीन घटना ध्यानात घेण्याजोग्या आहेत. केंब्रिज विद्यापीठात इंग्रजी कवितेसाठी दिले जाणारे कुलपतींचे सुवर्णपदक १८१९ मध्ये 'पॉम्पेई' या विषयावरील कवितेला मिळाले. विजेता विद्यार्थी थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. ज्या नगरीच्या नाशाचे वर्णन त्याने केले ती त्याने तोवर पाहिलेली नव्हती. पुढे १८३५ मध्ये हिंदुस्थानच्या शिक्षणाविषयीचा आपला प्रसिद्ध अभिप्राय लिहिताना त्याने पौर्वात्य ग्रंथसंपदा अशीच मुळातून न वाचता निकालात काढली, हा योगायोग मानावा की सवय, हे ज्याचे त्याने ठरवावे. ऑक्सफर्डमध्ये १८०६ साली सुरू झालेल्या न्यूडिगेट पारितोषिकाची कथा याहून बोलकी आहे. १८४५ मध्ये हे पारितोषिक 'पेत्रा' या कवितेसाठी जॉन विल्यम बर्गन याला मिळाले. पेत्राही त्याने तेव्हा पाहिलेले नव्हते; तेथे तो जाऊन पोचला तो पुढे १८६२ मध्ये. त्या दीर्घ कवितेतील एक ओळ आज जगभरच्या प्रवासी पुस्तकांत आढळते, उरलेली कविता कोणालाच आठवत नाही. पारितोषिकप्राप्त कविता शेल्डोनियन सभागृहात जाहीरपणे म्हणून दाखविण्याची तेथे प्रथा होती. म्हणजे लेखन आणि सादरीकरण यांची जोड आजच्या उपक्रमशील शिक्षकाला सुचली त्यापूर्वी कितीतरी आधीची आहे, आणि तिचे दोषही तितकेच जुने आहेत.

याच काळातील तिसरे उदाहरण मात्र वेगळ्या दिशेला नेते. १८१७ च्या डिसेंबरात शेली आणि त्याचा मित्र होरेस स्मिथ यांनी एकाच विषयावर सुनीत लिहिण्याची पैज लावली. विषय होता इजिप्तच्या वाळवंटात पडलेला एका राजाचा भग्न पुतळा. दोन्ही सुनीते १८१८ च्या आरंभी एकाच नियतकालिकात छापली गेली. दोघांपैकी कोणीही तो पुतळा पाहिलेला नव्हता, विषय दोघांनाही नेमून दिल्यासारखाच होता; तरीही एक कविता टिकली आणि दुसरी तळटिपेत गेली. फरक पडला तो कथनाच्या व्यूहाने. शेलीच्या सुनीतात भग्नावशेष आपल्याला थेट दिसत नाहीत. एक प्रवासी भेटतो, तो सांगतो. त्याच्या सांगण्यात चौथऱ्यावरील लेख येतो, त्या लेखात राजा बोलतो. न पाहिलेल्या वस्तूविषयी लिहिताना आपण ती पाहिलेली नाही ही गोष्टच कवीने रचनेचा भाग करून टाकली. ज्ञान किती तोंडांतून आपल्यापर्यंत आले याचा हिशेब ती कविता देते. बर्गनची कविता तो देत नाही. विद्यार्थ्याला शिकविण्याजोगे काही असेल तर ते हेच, आणि विशेष म्हणजे ते शिकविता येते. प्रतिभा शिकविता येत नसेल, अंतराचा हिशेब ठेवणे निश्चितच शिकविता येते.

हा हिशेब खानदेशात मांडू गेले की प्रश्न अधिक बिकट आणि म्हणून अधिक मोलाचा होतो. जळगाव-धुळे परिसरातील विद्यार्थ्यासमोर 'प्राचीन संस्कृती' म्हणून जे चित्र ठेवले जाते त्यात पिरॅमिड असतात, महास्नानगृह असते, फार तर अजिंठा असतो. त्याच्या पायाखालचे प्राचीन मात्र चित्ररूप धारण करीत नाही, कारण ते उभे नाही. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले. गिरणेच्या काठी चाळीसगाव तालुक्यातील बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी त्याच दशकात केले. नदीपलीकडे टेकवाडे येथे दफने मिळाली. तापीकाठच्या सावळदे या गावाने तर एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला आपले नाव दिले. त्या लोकांच्या मृद्भांड्यांवर बाणांची अग्रे, मासे, पक्षी रंगविलेले असत. साक्री तालुक्यातील कवठे येथील उत्खननात हे लोक जमिनीत खळगे करून त्यांवर घरे उभारीत असे दिसून आले. सावळदे संस्कृतीचे थर पुढे प्रवरेकाठच्या दायमाबादला सर्वांत तळाशी सापडले. हे सारे चार हजार वर्षांमागचे आहे. परंतु आज तेथे जाऊन उभे राहिले तर दिसते काय? नदीकाठची एक उंचवट्याची जागा, तीवर बाभळी, आणि पाऊस पडून गेल्यावर वर आलेली खापरे.

मराठी ग्रामव्यवहारात या जागेला नेमका शब्द आहे: पांढरी. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षांची राख, शेण, भिंतींची माती, हाडे आणि उष्टेखरकटे मिळून जमिनीचा जो रंग होतो त्या रंगावरून पडलेले हे नाव. ही माती खताच्या मोलाची, म्हणून ती गाड्या भरभरून शेतात नेली गेली. पुष्कळ पांढऱ्या अशाच उतरत्या झाल्या. म्हणजे येथे प्राचीन संस्कृती मूक साक्षीदाराप्रमाणे उभी राहिली नाही, ती ज्वारीच्या आणि कपाशीच्या मुळांशी गेली. 'अवशेष' या तत्सम शब्दात हा व्यवहार मावत नाही. 'पांढरी' या शब्दात तो आधीच आहे. विद्यार्थ्याला हा शब्द घरून ठाऊक असतो, परंतु कवितेच्या वहीत तो येऊ शकतो याची त्याला कल्पना नसते. त्याच्या दृष्टीने काळाचे अंतर जितके मोठे तितकी भाषा संस्कृतप्रचुर हवी. दोनशे वर्षांपूर्वीचे मराठीत, दोन हजार वर्षांपूर्वीचे तत्सम मराठीत आणि त्याआधीचे समासांत, अशी एक अलिखित श्रेणी त्याच्या मनात तयार झालेली असते.

ही श्रेणी कोठून आली याचा शोध घेताना चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या पाटणला जावे लागते. तेथील शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या नजरेस आणून दिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव नृपती सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. भास्कराचार्यांच्या 'सिद्धान्तशिरोमणी'चे व तत्सम ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला. स्थानिक निकुंभ राजांनी त्यास दान दिले. काळ शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६-०७. एका अर्थी खानदेशातील पद्याध्यापनाचा हा सर्वांत जुना लेखी दाखला होय, कारण जे शिकवावयाचे होते ते गणित आणि ज्योतिष स्वतःच श्लोकबद्ध होते. विद्यार्थी ते पाठ करीत, म्हणजे म्हणत. सादरीकरणाशिवाय तेथे अध्ययनच नव्हते.

परंतु या लेखाचे खरे महत्त्व त्याच्या भाषिक घडणीत आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृत पद्यात आहे. राजवंशाची स्तुती, भास्कराचार्यांच्या घराण्याची परंपरा, विद्वत्तेचे गुणगान हे सारे तेथे वृत्तात बसलेले आहे. आणि मग लेखाची अखेर मराठी होते. बाजारात येणाऱ्या मालावरील कोणता हिस्सा मठाला द्यावयाचा, सुपारी किती, दर घाण्यामागे तेलाची पळी किती, आणि मोजताना मठाचेच माप वापरावयाचे, हा मजकूर संस्कृतात लिहून चालण्याजोगा नव्हता. तो घाणेवाल्याला, वाण्याला, गिऱ्हाइकाला कळणे आवश्यक होते. एकाच दगडावर कीर्ती एका भाषेत आहे आणि तेल दुसऱ्या भाषेत.

आजची विद्यार्थी-कविता या लेखाचा पहिला भाग अजाणता पुन्हा लिहीत असते. दुसरा भाग तिला कवितेचा विषय वाटत नाही. वास्तविक त्या काळचा पाटणचा बाजार, घाण्याची करकर, मापावरून होणारी घासाघीस यांच्याविषयी जे काही विश्वसनीयपणे कल्पिता येते ते या दुसऱ्या भागातूनच. स्तुतिपर पद्यांतील राजा कोणत्याही लेखातील राजासारखा आहे. तेलाची पळी मात्र पाटणचीच आहे. एखाद्या शिक्षकाने वर्गाला एवढाच अभ्यास दिला की या लेखातील मराठी भागात उल्लेखिलेल्या वस्तूंवाचून दुसरी वस्तू कवितेत आणावयाची नाही, आणि एकही विशेषण वापरावयाचे नाही, तर जे लिहिले जाईल ते कदाचित कविता ठरणार नाही. परंतु ते खोटे ठरणार नाही. वर्गातल्या लेखनाचे पहिले मोजमाप हेच असावयास हवे. कवितापण हा त्यापुढचा टप्पा आहे.

येथे एक प्रतिवाद संभवतो, आणि तो हल्ली पुष्कळदा सदिच्छेने मांडला जातो. विद्यार्थ्यांची बोली अहिराणी आहे, लेवा बोली आहे, भिल्ली, पावरी आहे. तेव्हा प्राचीन खानदेशावरील कविता त्यांनी बोलीतच लिहावी, म्हणजे कृत्रिमता आपोआप गळून पडेल, असा हा युक्तिवाद. त्याचा पूर्वार्ध निर्विवाद मान्य करण्याजोगा आहे. बोलीला प्राचीनतेविषयी बोलण्याचा अधिकार नाही, ही समजूत मोडलीच पाहिजे. परंतु उत्तरार्धात एक नवा भ्रम दडलेला आहे. सावळद्याच्या कुंभाराच्या तोंडी अहिराणी घातली की तो खरा होतो, असे नव्हे. त्या लोकांची भाषा कोणती होती हे ज्ञात नाही. त्यांच्यापाशी लिपी नव्हती. त्यांच्या तोंडी संस्कृत घालणे हा जसा एक दावा आहे, तसाच अहिराणी घालणे हाही दावाच आहे. फक्त दावेदार बदलतो. 'आम्हीच ते' असे म्हणण्याची घाई दोन्हीकडे सारखी आहे. बोलीचा उपयोग वेगळ्या जागी आहे: खापर उचलणाऱ्याच्या तोंडी. पांढरीवर शेळ्या चारणाऱ्या मुलाला ते खापर सापडते, तो त्याच्याविषयी घरी येऊन काय बोलेल, हे अहिराणीत लिहिले तर कोणताही खोटा दावा न करता बोली आणि प्राचीनता एकमेकांसमोर उभ्या राहतात. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने एवढेच लिहिले की खापराच्या काठावर अंगठ्याचा ठसा आहे, आपला अंगठा त्यात बसत नाही. तर त्या दोन विधानांत जितके अंतर मोजले गेले आहे तितके 'हे प्राचीन भूमी' या संबोधनाने सुरू होणाऱ्या चाळीस ओळींत मोजले जात नाही.

आधुनिक मराठी साहित्यात या प्रवेशमार्गाची उदाहरणे आहेत आणि ती याच परिसराने दिली आहेत, ही गोष्ट वर्गात सांगितली जाते की नाही कोणास ठाऊक. ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घ कविता भिक्षूंच्या किंवा शिल्पींच्या काळात शिरत नाही. ती एकोणिसाव्या शतकात, चित्रांच्या प्रतिकृती करावयास आलेल्या रॉबर्ट गिलच्या आणि पारोच्या काळात थांबते. प्राचीनतेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांमार्फत प्राचीनता पाहावयाची, ही ती दृष्टी. गिलने रंगविलेल्या बहुतेक प्रती १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या आणि तो स्वतः १८७९ मध्ये भुसावळला निवर्तला, हे कळल्यावर जळगावच्या विद्यार्थ्याला अजिंठा हे रेल्वेच्या जंक्शनाइतके जवळ येऊ शकते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू' या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचा नायक खंडेराव हा खानदेशच्या शेतकरी कुटुंबातला पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून तो मोरगावच्या घरी परततो. कादंबरीच्या उपशीर्षकातील 'अडगळ' हा शब्द या चर्चेत कळीचा आहे. उत्खननकर्त्याच्या हाती जे लागते ते मुख्यतः फेकून दिलेले असते: फुटकी भांडी, हाडे, राख. माळ्यावरची अडगळ आणि टेकाडातला थर यांत प्रकारभेद नाही, कालभेद आहे. कादंबरीचे मूल्यमापन हा वेगळा विषय. परंतु भव्यतेच्या साच्याला तिने दिलेला पर्याय कवितेच्या वर्गालाही उपकारक आहे. अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही'तील हिपेशिया आणि कॅसान्ड्रा यांचाही येथे विचार करता येईल. तेथे प्राचीन जगाचे वैभव बाजूला राहून त्या त्या स्त्रीवरचा प्रसंग पुढे येतो.

जुन्यातला आदर्श हवा असेल तर तो हालाच्या 'गाथासप्तशती'त आहे. महाराष्ट्री प्राकृतातील या गाथांत सातवाहन साम्राज्याचे वैभव शोधणाऱ्याची निराशा होते. तेथे नांगर आहे, गावाचा पाटील आहे, सासू आहे, वाटसरू आहे, पावसाळ्यात गळणारे घर आहे. गोदावरी आहे आणि विंध्य आहे. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला उपलब्ध झाला, तरी शाळा-महाविद्यालयांतील 'प्राचीन' या संकल्पनेत त्याला प्रवेश मिळालेला नाही. याचे एक कारण त्यातील शृंगार. दुसरे, अधिक खोल कारण असे की त्या गाथा फार लहान आहेत. पहिल्या दळात तीस आणि दुसऱ्यात सत्तावीस मात्रा, एवढ्यात सारे आटोपते. स्पर्धेच्या व्यासपीठावर पाच मिनिटे दिलेली असताना सत्तावन्न मात्रांचे काय करावयाचे?

येथून सादरीकरणाच्या प्रश्नाकडे वळणे भाग पडते, आणि खरी गुंतागुंत येथेच आहे. काव्याचे जाहीर वाचन ही खानदेशाला परकी गोष्ट नाही. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या पहिल्या महाराष्ट्र कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने आपल्या कविता म्हटल्या, आणि अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. विद्यार्थिवयातील कवीला सादरीकरणातून नाव मिळण्याचे मराठीतील हे सर्वांत ठळक उदाहरण होय. ते नाव त्याला आयुष्यभर चिकटले. १९१८ मध्ये भादली स्थानकापाशी आगगाडीखाली त्याचा अंत झाला तेव्हाही तो बालकवीच होता. अमळनेरला साने गुरुजींनी छात्रालयात हस्तलिखित दैनिक चालविले. मुलांनी वाचावे यासाठी शिक्षकाने रात्री जागून लिहावयाचे, हा तेथील क्रम होता. गुरुजींनी 'मानवजातीची कथा' मराठीत आणली, तीही या ओढीतूनच. जगाच्या जुन्या संस्कृती मुलांना सांगाव्यात ही निष्ठा खानदेशच्या शिक्षणपरंपरेत आहे. परंतु गुरुजींची भाषा हेलावणारी होती, आणि त्या हेलाव्याचे अनुकरण तेवढे सोपे, हेही नोंदवून ठेवावयास हवे.

आजच्या स्पर्धांतील काव्यवाचन वक्तृत्वाच्या वळणावर गेलेले आहे. पाठांतर, आवाजाची चढउतार, हावभाव, प्रभाव असे गुणांचे रकाने असतात. या रकान्यांत ठाम विधान चांगले बसते, अनिश्चितता बसत नाही. 'असेल', 'नसेल', 'कोणास ठाऊक' हे शब्द मोठ्या आवाजात म्हणता येत नाहीत. परिणामी प्राचीन संस्कृतीवरची कविता लिहितानाच तिच्यातील अज्ञाताचा भाग गाळला जातो. संहिता प्रयोगाच्या दडपणाखाली खोटी होत जाते. लेखनातील दोष भाषेचा वाटतो, पण त्याचे मूळ पुष्कळदा परीक्षकाच्या कागदावर असते.

याला उत्तर म्हणून सादरीकरणच वर्ज्य करणे हा अव्यापारेषु व्यापार ठरेल. याच जिल्ह्यातील आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी लेखणी हाती धरली नाही. त्यांची कविता जात्यावर, शेतात, घरकामात म्हटली गेली. दुसऱ्यांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. तेथे आधी संहिता आणि मग प्रयोग असा क्रमच नाही. शिवाय त्या म्हणण्याला समोर श्रोता लागत नव्हता. जात्यावरची ओवी दळणाऱ्या दोघींपुरती असते. तिचा ताल हाताच्या श्रमाचा असतो, आणि दळण संपले की ती थांबते. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत खानदेशात मुली गुलाबाईची गाणी म्हणतात तीही समूहाने. त्यांत कोणी एक पुढे येऊन छाती काढीत नाही. आखाजीच्या गाण्यांचेही तसेच. स्पर्धेच्या व्यासपीठावरील एकट्या वक्त्याचा आवाज आणि हा समूहाचा आवाज यांत गुणात्मक भेद आहे. पहिला भूतकाळाच्या वतीने बोलण्याचा अधिकार घेतो; दुसऱ्याला तो घ्यावाच लागत नाही, कारण तो कोणाला उद्देशून बोलत नसतो. विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव २०१८ मध्ये दिले गेले. काव्यवाचनाच्या रूढ पद्धतीवर त्यांच्या म्हणण्याच्या पद्धतीचा परिणाम व्हावयाचा अद्याप राहिला आहे.

समूहाचा आवाज घेतला तरी एक अवघड जागा राहतेच. ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत मृत अर्भकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि घराच्या जमिनीखाली पुरीत. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननाने ही चाल विशेष प्रकाशात आणली. हे ऐकल्याबरोबर वर्गातील प्रत्येकाला त्या आईविषयी लिहावेसे वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. दोन कुंभ म्हणजे गर्भाशय, ही प्रतिमाही लगेच सुचते. अभ्यासकांनाही ती सुचलेली आहे. परंतु आईने टाहो फोडला असे लिहिले की मातृशोकाचा सार्वकालिक साचा काम करू लागतो आणि कुंभ दृष्टीआड होतात. त्या घरात अर्भकाचे मरण किती सवयीचे झाले होते, रडणे हा त्यांचा रिवाज होता की गाणे, की काहीच नाही, हे कुंभ सांगत नाहीत. ते सांगतात ते इतकेच की कोणीतरी दोन भांडी निवडली, त्यांची तोंडे जुळविली, आणि ज्या जमिनीखाली ती ठेवली त्याच जमिनीवर पुढे स्वयंपाक होत राहिला. व्यासपीठावरची विद्यार्थिनी टाहो फोडील तर टाळ्या मिळतील. हीच माहिती ती दळताना बोलावे तशा स्वरात सांगेल तर काय मिळेल हे सांगता येत नाही. परीक्षक कदाचित 'प्रभाव' या रकान्यात गुण कापील.

पाटणच्या शिलालेखापासून जवळच, त्याच पाटणे परिसरात, शां. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. काहींचे मणी केलेले होते, काही मणी अर्धवट राहिलेले होते, आणि एका तुकड्यावर समांतर रेषांच्या मध्ये आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या होत्या. खानदेशात शहामृग होता, एवढे एक वाक्य सातवीच्या वर्गात उच्चारले तरी काही क्षण शांतता होते. त्यासाठी विशेषण लागत नाही. त्या रेघा कशासाठी कोरल्या याचे उत्तर नाही. प्रकाश्याच्या उत्खननातही ताम्रपाषाणयुगाचा थर आणि त्यावरचा लोहयुगाचा थर यांच्यामध्ये शतकांचा खंड आहे. वस्ती उठून गेली आणि पुढे दुसरी आली. हा खंड कवितेत कसा लिहावयाचा, दोन कडव्यांमध्ये किती जागा सोडावयाची, आणि म्हणताना त्या जागी किती वेळ थांबावयाचे, यावर एखाद्या वर्गाने एक संपूर्ण तास घालविला, तर त्या तासात वैभवाचा उल्लेख करण्यास कोणाला फारशी उसंत मिळणार नाही. घड्याळ लावून बसलेल्या परीक्षकाला मात्र ती जागा पाठांतर विसरल्यासारखी वाटेल, आणि आपण विसरलो नाही हे त्याला सांगण्याची सोय स्पर्धेच्या नियमांत नाही.